मागणी येते कुठून? अर्थमंत्र्यांना एका कास्तकाराचं खुलं पत्र

प्रति,
मा. अर्थमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : कापसाचं आयात शुल्क आणि आमच्या गावातली बसलेली खरेदी

सादर नमस्कार.

मंगळवारी मी 22 क्विंटल कापूस 6,800 रुपये भावानं गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर घातला. लांब धाग्याचा हमीभाव यंदा 8,110 आहे. त्याआधी भाड्यानं ट्रॅक्टर करून दोनदा हमीभावाच्या केंद्रावर जाऊन आलो. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, 12 च्या वर गेला की गाडी परत. माझा 13 भरला. दिवाळी झाली तरी पाऊस हटत नव्हता, बोंडं झाडावरच भिजली, ओलावा दुसरा काय भरणार? क्विंटलमागे 1,310, म्हणजे 28,820 रुपये माझ्या घरी आलेच नाहीत. वेचणीच्या बायांचे पैसे अजून द्यायचे आहेत. त्या संध्याकाळी दारात येतात, काही न बोलता थोडा वेळ बसतात आणि उठून जातात. मुलीच्या नर्सिंगच्या फीचा दुसरा हप्ता थकला आहे. ती फोनवर फीचं नावच काढत नाही. मला झोप लागत नाही ती त्यानं.

मी हे नशिबावर ढकललं असतं. पण पावसानं ओलावा वाढवला, भाव पाडला नाही. 2021 च्या अर्थसंकल्पापासून परदेशी कापसावर 11 टक्के शुल्क होतं. ते तुम्ही 19 ऑगस्टला, ऐन पोळ्याच्या आठवड्यात काढलं. आधी म्हणालात 30 सप्टेंबरपर्यंत. दहा दिवसही झाले नाहीत तर 31 डिसेंबर केलं. आमचा कापूस घरात येतो तो दसऱ्यानंतर. सप्टेंबरचा शब्द पाळला असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

मी तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र घेऊन बी.ए. केलं. फळ्यावरच्या त्या दोन रेषा, एकूण मागणी आणि एकूण पुरवठा, अजून आठवतात. घरांचा खर्च, उद्योगांची गुंतवणूक, सरकारचा खर्च, आणि निर्यातीतून आयात वजा जाता जे उरेल ते. याची बेरीज म्हणजे एकूण मागणी. 27 ऑगस्टपासून अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के कर लावला आणि कपड्यांची निर्यात अडली. गिरण्यांचा आणि शिलाई कामगारांचा त्रास खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण आटली होती मागणी, आणि तुम्ही वाढवला पुरवठा! गिऱ्हाईक गेलं म्हणून आमचा कापूस स्वस्त केला. त्यानं अमेरिकेतलं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि गावातलं होतं तेही जातं.

कारण गिऱ्हाईक आम्हीच आहोत. माझ्या गावात चारशेच्या आसपास कास्तकार. घरटी वीस क्विंटल आणि क्विंटलमागे हजाराचा तोटा धरला तरी ऐंशी लाख रुपये गावात आलेच नाहीत. हा माझा अंदाज आहे, तुमच्या माणसांनी येऊन मोजावं. मी पडकी भिंत बांधणार होतो, आता नाही. म्हणजे गवंड्याचे पंधरा दिवस गेले. गवंडी पोराला कपडे घेणार नाही, कापडवाला शहरातून माल आणणार नाही. ते कापड ज्या सुताचं, ते सूत माझ्याच कापसाचं. याच घरांचा खर्च देशाच्या एकूण मागणीत निम्म्याहून जास्त आहे, आणि तोच तुम्ही कापता.

ऑक्टोबरमध्ये महागाईचा दर 0.25 टक्क्यांवर आला, त्याचं केवढं कौतुक झालं. आमच्या मालाचे भाव पडले म्हणून तो आला, हे कोणी सांगितलं नाही. मागणी वाढावी म्हणून 12 लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं. इथं तेवढं उत्पन्न कोणाचं आहे? रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो रेपो दर वर्षभरात 6.5 वरून 5.25 वर आणला. आमचा सावकार रेपो दर बघून व्याज लावत नाही. ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 चा 5 केला. ट्रॅक्टर घेणार कशातून? पीएम किसानचे वर्षाचे 6,000 सुरुवातीपासून तेवढेच आहेत. खाद्यतेल असो, तूर असो, भाव वर आला की परदेशी माल बंदरात हजर. आमचा भाव तुमच्या लेखी नुसती महागाई आहे. ते आमचं उत्पन्न आहे, हे दिल्लीत एकाही कागदावर लिहिलेलं दिसत नाही.

याच महाराष्ट्रानं 1972 च्या दुष्काळात मागेल त्याला काम दिलं, 1977 मध्ये त्याचा, म्हणजे रोजगार हमीचा कायदा केला. हातात मजुरी पडली म्हणून माणसं धान्य विकत घेऊ शकली. तोच विचार 2005 मध्ये देशाचा कायदा झाला. म्हणजे सरकारला हे कळत नाही असं नाही. कळतं, पण गिरणीमालक दिल्लीत जाऊन भेटतो आणि आम्ही केंद्रावर रांगेत असतो.

ऑक्टोबर ते मार्च कापसाच्या शुल्काला हात लावू नका. यंदा ज्यांनी हमीभावाखाली विकला, त्यांना पावती बघून फरक द्या. पाऊस लांबलेल्या वर्षी ओलाव्याची अट शिथिल करा. माझी पावती जपून ठेवली आहे. तिसऱ्या वेचणीचा आठ क्विंटल कापूस घरात पडून आहे आणि व्यापारी रविवारी परत येणार आहे.

आपला,
एक कास्तकार
ता. राळेगाव, जि. यवतमाळ
डिसेंबर 2025