टाचेला विश्रांती नको, भार हवा

पुणे

प्रिय सुधीर,

वहिनींचा फोन आला होता. टाचेमागे दुखतं म्हणून तू पर्वती बंद केलीस आणि दिवसभर पाय वर घेऊन बसतोस, हे ऐकून राहवेना.

अरे, नुसत्या विश्रांतीने कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, आणखी कमकुवत होते. तिला रक्तपुरवठा बेताचाच, त्यामुळे स्नायू आठवड्यांत सावरतो तिथे तिला महिने लागतात. २०१३ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी जुन्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचा माग टाचेच्या कंडरेत काढला. तिचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो, पुढे जवळजवळ बदलत नाही. अकरावीत होतं तेच कोलॅजन, म्हणजे कंडरेच्या धाग्यांचं प्रथिन, आज आपल्याला चालवतंय! म्हणून ते जपायचं, पण बसून नव्हे. भार पडला की कंडरेतल्या पेशी कामाला लागतात, साठीनंतरसुद्धा.

स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम कर. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकव, कठडा धर. दोन्ही पायांनी वर उठ, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच अगदी सावकाश खाली सोड. वर येताना पुन्हा दोन्ही पाय. गुडघा ताठ ठेवून पंधराचे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून तेवढेच. सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. थोडं दुखेल, ते चालतं. दुसऱ्या दिवशी वाढलं तर फेरे कमी कर. मात्र दुखणं थेट टाचेच्या हाडापाशी असेल, तर टाच पायरीच्या खाली उतरवू नकोस, सपाट जमिनीवरच कर. नेमकं कुठे दुखतंय ते आधी फिजिओथेरपिस्टला दाखव.

कोलॅजन पावडरचा डबा मागवलास म्हणे. पोटात गेल्यावर तिचेही इतर प्रथिनांसारखे तुकडेच होतात. डाळ, दही, अंडी पोटभर खा. कोलॅजन नीट विणलं जायला क जीवनसत्त्व लागतं, म्हणून रोज आवळा नाहीतर पेरू.

आणि दोन गोष्टी कळकळीने सांगतो. रक्तातली साखर वाढलेली राहिली की ती कोलॅजनला चिकटते, धागे कडक होतात. मधुमेह्यांचे खांदे आखडतात त्यामागे हेही एक कारण मानतात. आणि कुणी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक गोळी लिहून दिली, तर टाचेचं दुखणं डॉक्टरांना आधी सांग. साठीपुढे त्या औषधांनी कंडरा तुटायचा धोका वाढतो.

रविवारी सकाळी येतो, पहिले फेरे माझ्यासमोर कर. तोवर एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, रिपोर्ट आणून ठेव.

तुझाच,
अनिल