बोलण्याची पदवी

संपादक महोदय,

बारावीच्या निकालानंतर आपल्या पुरवणीत पदवी अभ्यासक्रमांची जंत्री आली. त्यात ‘संज्ञापन’ (म्हणजे कम्युनिकेशन) या मथळ्याखाली पत्रकारिता, जाहिरात आणि चित्रवाणी एवढंच होतं. माणसं समोरासमोर बोलतात, त्याचा अभ्यास कुठेच नव्हता.

माझी नात अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, याच विषयात बी. ए. करते आहे. नातेवाइकांत त्यावरून भरपूर थट्टा झाली. ‘बोलायला कसली पदवी? आपल्या घराण्यात सगळे जन्मतःच पदवीधर!’ हे माझ्या धाकट्या दिरांचं मत. मी तिकडे गेले होते तेव्हा तिने सगळ्यांना विचारून रात्रीच्या जेवणातल्या गप्पा रेकॉर्ड केल्या आणि त्यातली जेमतेम काही मिनिटं कागदावर उतरवत बसली. कोण किती थांबलं ते सेकंदाच्या दशांशात, दोघं एकदम बोलली तिथे चौकटी कंस, लांबवलेल्या स्वरापुढे विसर्गासारखी टिंबं. कागद वाचला तर सूनबाईंचं एक वाक्य धड पूर्ण झालेलं नाही आणि जवळजवळ प्रत्येक कंस आमच्या चिरंजीवांनी उघडलेला! पुढची काही जेवणं जरा शांततेत झाली, असो.

तिथे हा विषय वेगळा झाला तोही भांडूनच. १९१४ साली भाषणकला शिकवणारे १७ अध्यापक इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. साहित्य शिकवणाऱ्यांच्या पंक्तीत बोलण्याला मान नाही, ही त्यांची तक्रार. पुढे विभागांवरच्या पाट्या ‘स्पीच’, मग ‘स्पीच कम्युनिकेशन’ आणि आता बहुतेक ठिकाणी नुसतं ‘कम्युनिकेशन’ अशा बदलत गेल्या. नातीला अ‍ॅरिस्टॉटल आहे, गटात निर्णय कसे होतात ते आहे, डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातलं बोलणंही आहे.

आपल्याकडे सामग्रीची वानवा नाही. न्यायसूत्रांनी, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्राच्या ग्रंथाने, वाद, जल्प आणि वितंडा कधीच वेगळे करून ठेवलेत : सत्य शोधण्यासाठी, जिंकण्यासाठी, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती खोडण्यासाठी. तिसऱ्याचं प्रात्यक्षिक रोज संध्याकाळी टीव्हीवर फुकट मिळतं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. पण कॉलेजात बोलणं शिकायचं म्हणजे आजही वक्तृत्व स्पर्धाच. मी सांगली-कोल्हापूर भागात अकरावी-बारावीची मुलं घेऊन वर्षानुवर्षं या स्पर्धांना फिरले आहे. सरांनी लिहून दिलेलं भाषण, ठरलेल्या शब्दाला वर जाणारा हात, घंटेच्या आत उरकलेली कविता आणि शेवटी ढाल. एकदा एका परीक्षकांनी पहिल्या आलेल्या मुलीला तिच्याच मुद्द्यावर साधा प्रश्न विचारला. तिने तो परिच्छेद पहिल्यापासून, हातवाऱ्यांसकट, पुन्हा म्हणून दाखवला. टाळ्याही पडल्या.

माझी सूचना फारशी खर्चाची नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोडीचा दुय्यम विषय, आलेच आहेत. विद्यापीठांनी मराठीच्या बी. ए.ला ‘मौखिक संज्ञापन’ हा मायनर द्यावा. मराठी, मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचे शिक्षक मिळून तो शिकवू शकतील. मुलांनी ग्रामसभेत, एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीपाशी बसून, रीतसर परवानगीने, लोक कसे बोलतात आणि कुठे अडतात ते टिपावं. विद्यापीठाची समिती बसेपर्यंत स्पर्धा भरवणाऱ्यांनी निदान एवढं करावं : भाषणानंतर श्रोत्यांचे दोन-तीन प्रश्न घ्यावेत आणि निम्मे गुण त्या उत्तरांना ठेवावेत.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली