आवाजाची नस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, शवाचं डिसेक्शन मानेपर्यंत आलंय, पण पुस्तकातल्या चित्रासारखं काहीच सापडत नाही. तेव्हापासून गेलेन डोक्यात घोळतोय.

हा ग्रीक वैद्य इ.स. 129 मध्ये पेर्गमॉनला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात जन्मला. वडील नीकॉन वास्तुरचनाकार. मुलाला तत्त्वज्ञान शिकायला घातलं तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, की घाईघाईनं कुठल्या एका पंथाचा होऊन बसू नकोस, सगळ्यांचं ऐक आणि पारखून घे. बाप म्हणून मला हे फार भिडलं.

पुढे तो ग्लॅडिएटरांचा वैद्य झाला, मग रोमला गेला. तिथे भरल्या सभेत त्यानं जिवंत डुकराच्या मानेतल्या नसा, म्हणजे मज्जातंतू, दोऱ्यानं बांधल्या. ओरडणारं जनावर एकदम गप्प. दोरा सोडला, की पुन्हा ओरडणं सुरू. त्या मुक्या जिवाचे हाल वाचवत नाहीत. पण आवाजाची सूत्रं हृदयाकडे नसून मेंदूकडे आहेत, हे त्यानं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दाखवलं. आजीच्या थायरॉईडच्या ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले होते ना, "आवाजाची नस जपावी लागते"? तीच ही नस.

रोममध्ये माणसाचं शव उघडायची सोय नव्हती. माकडं, डुकरं, बैल यांच्यावर भागवावं लागलं, आणि तिथेच घोटाळा झाला. खालचा जबडा दोन हाडांचा, हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी भोकं, असं बरंच त्यानं लिहून ठेवलं. नवव्या शतकात बगदादेत हुनैन इब्न इसहाकनं त्याचे ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणले. आपल्याकडच्या युनानी हकिमांचा जालीनूस तो हाच. युरोपातही जवळपास तेराशे वर्षं त्याचाच शब्द शेवटचा.

1543 मध्ये वेसालियस नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या शरीररचनातज्ज्ञानं माणसाची शवं स्वतः उघडून गेलेनच्या चुका दाखवल्या. त्याचेच जुने गुरू सिल्वियस चिडले. गेलेन चुकलेला नाही, त्याच्यानंतर माणसाचं शरीरच बदललं, असं म्हणाले! रक्ताभिसरणाचा उलगडा व्हायला तर 1628 साली हार्वे हा इंग्रज वैद्य यावा लागला.

मी यात गेलेनला दोष देणार नाही, मनू. माणसाचा खरा सांगाडा पाहायला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला जा, असं तो स्वतः विद्यार्थ्यांना सांगायचा. मागच्यांनी त्याचं पुस्तक उचललं आणि त्याची नजर तिथेच ठेवली. म्हणून चित्राशी जुळत नाही म्हणून रडू नकोस. जे दिसतं ते आधी वहीत काढ, मग सरांना विचार.

डाव्या बाजूची ती नस छातीत उतरून महाधमनीखालून वळसा घेते आणि परत वर गळ्याकडे येते, असं वाचलंय. तुझ्या टेबलावर सापडली की लगेच फोन कर. कितीही वाजले तरी चालेल. आईलाही ऐकायचंय.

तुझा,
बाबा