कंपनीचा क्लब कंपनीबरोबरच बुडतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की गोव्याचं फुटबॉल खाणींच्या पैशावर उभं होतं, खाणी बंद पडल्या तसं तेही बसलं. कंपनीचा क्लब कंपनीबरोबर बुडायचाच, त्यात नवल काय! पत्र झकास होतं. पण हा ‘बुडायचाच’ मला काही पटला नाही.

मी डिचोलीत ऑटो-इलेक्ट्रिशियन आहे. खाणीच्या ट्रकांचे सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) आणि डायनमो दुरुस्त करण्यात उमेद गेली. २००८ साली टीव्हीवर चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, इटलीच्या युव्हेंटसपुढे बाते बोरिसोव नावाचा संघ उतरला. बेलारूसचा क्लब या स्पर्धेच्या गट फेरीत पोचायची ती पहिलीच वेळ. समालोचक म्हणाला, हा क्लब ट्रक-ट्रॅक्टरचे सेल्फ आणि जनरेटर बनवणाऱ्या एका कारखान्याचा. झालं! आपल्या जातीचा माणूस भेटला म्हणून मी सरसावून बसलो. तेविसाव्या मिनिटाला बाते २-० पुढे. शेवटी २-२ बरोबरी झाली, पण बफॉन-देल पिएरोच्या क्लबाला त्या कारखान्याच्या पोरांनी घाम फोडला. प्रशिक्षक व्हिक्टर गोंचारेंको जेमतेम ३१ वर्षांचा. त्याच क्लबाचा खेळाडू, गुडघ्यानं दगा दिला म्हणून पंचविशीतच बूट उतरवलेले. तेव्हापासून या क्लबाची बातमी कुठे दिसली की मी वाचतोच.

बोरिसोव हे मिन्स्कपासून सुमारे ७५ किलोमीटरवर, बेरेझिना नदीकाठचं गाव. १८१२ साली मॉस्कोहून परतताना नेपोलियनच्या फौजेची दाणादाण उडाली ती इथेच जवळ. समालोचकांना बोरिसोवबद्दल तेवढंच ठाऊक असायचं आणि ते दर सामन्यात तेच सांगायचे. कारखान्याचा संघ निघाला १९७३ मध्ये. सोव्हिएत काळात १९७४, १९७६ आणि १९७९ अशी तीन वेळा बेलारूस प्रजासत्ताकाची स्पर्धा त्यांनी जिंकली. आणि १९८४ मध्ये संघ मोडला. पत्रलेखक म्हणतात तसाच बुडाला, म्हणाना.

पण १९९६ मध्ये कारखान्याचे संचालक अनातोली काप्स्की यांनी तो पुन्हा उभा केला. प्रशिक्षक म्हणून युरी पुंतुस यांना आणलं. कोणाची वरची जागा विकत घेतली नाही, कोणापुढे हात जोडले नाहीत. सरळ तिसऱ्या श्रेणीत नाव घातलं. एका वर्षात दुसऱ्या श्रेणीत, १९९८ मध्ये पहिल्या श्रेणीत आणि तिथे पहिल्याच वर्षी दुसरा नंबर. १९९९ मध्ये विजेतेपद! त्या संघातला अलेक्झांडर ह्लेब पुढे स्टुटगार्टला गेला, तिथून आर्सेनल, तिथून बार्सिलोना. २००१ मध्ये बातेची एसी मिलानशी गाठ पडली, तर मिलानने त्यांचा खेळाडू कुतुझोव उचलून नेला. पोरं तयार करायची, मोठ्यांना विकायची आणि गाडी चालू ठेवायची. यात लाज कसली?

माझा आवडता सामना २ ऑक्टोबर २०१२ चा, बातेचा जर्मनीच्या बायर्न म्युनिकविरुद्धचा. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. बातेच्या पाव्हलोवचा, मग रोदिओनोवचा असे दोन गोल झाले. अगदी अखेरीला बायर्नच्या रिबेरीने एक फेडला, तर बातेच्या ब्रेसाननं तिसरा मारून टाकला. ३-१. त्याच मोसमात बायर्न युरोपचा विजेता झाला.

तारीख लक्षात राहायचं कारण वेगळं आहे. सरकारने सप्टेंबरातच खाणी थांबवल्या होत्या आणि या सामन्यानंतर तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. ट्रक घराघरांपुढे उभे. पुढच्या पावसाळ्यानंतर लोक एकेक सेल्फ काढून माझ्याकडे आणू लागले. उघडून बघावं तर कम्युटेटर काळाठिक्कर, कार्बन ब्रश होल्डरमध्ये चिकटून बसलेले, पिनियनवर गंजाचा थर. साफ करून, ब्रश घासून, बुश बदलून बॅटरीला जोडला की यातले बरेचसे फिरायचे. मालकांच्या डोक्यावर बँकेचे हप्ते होते, त्यांना मजुरी कोणत्या तोंडानं मागणार? आमच्या भागातल्या एका कंपनीचा छोटा संघही त्याच वर्षी गुंडाळला गेला. जाळी आणि बूट वॉचमनच्या खोलीत कितीतरी दिवस पडून होते. तेव्हा खाणी बंद पडल्याचा फटका मला कोणी सांगायला नको.

तरीही हिशेब नीट मांडायला हवा. धेंपो घराण्याने आपला खाणधंदा २००९ मध्येच सेसा गोवाला विकला. त्यानंतर धेंपो क्लबाने २००९-१० आणि २०११-१२ अशा दोन आय-लीग (तेव्हाची देशातली अव्वल लीग) जिंकल्या, प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली. म्हणजे खाण गेल्यावरही क्लब जिंकत होता. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं, ते भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या नव्या रचनेत आय-लीग खालच्या पायरीवर जाणार म्हणून. त्यांचा राग रास्त होता. पण पायरी खालची म्हणून खेळायचंच नाही, हे मला तेव्हाही रुचलं नव्हतं. काप्स्कींनी तर तिसऱ्या पायरीवरून सुरुवात केली!

बातेचंही सगळं गोड नाही. गावातलं जुनं मैदान युरोपला चालेना म्हणून इतकी वर्षं घरचे मोठे सामने मिन्स्कला. २०१४ मध्ये बोरिसोवला नवं स्टेडियम झालं आणि त्याच वर्षी तिथे युक्रेनच्या शाख्तारकडून ०-७ असा मार खाल्ला. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर रोमाला ३-२ हरवलं, तो भाग निराळा. २००६ ते २०१८ ओळीने तेरा विजेतेपदं एकाच क्लबानं घ्यावीत, हे त्या लीगच्या तब्येतीला काही बरं नव्हे. २०१८ च्या सप्टेंबरात काप्स्की वारले आणि पुढच्याच वर्षी विजेतेपद ब्रेस्तच्या क्लबाकडे गेलं. ती गादी काही परत मिळाली नाही. सगळा डोलारा एका पात्रांवावर, म्हणजे एका मालकावर उभा होता. खरा धोका मला तिथे दिसतो, कारखान्यात नाही. आपल्याकडेही क्लब म्हणजे एक घर आणि त्या घरातला एक हौशी माणूस, असंच बहुतेक ठिकाणी चालत आलं.

आणि एक गोष्ट त्या पत्रात आलीच नाही. धेंपो क्लब खालच्या श्रेणीतून खेळत वर चढला आणि २०२४-२५ ला पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. बुडालेला क्लब असा वर येतो, संपादक महाशय, आणि तो बघायला बोरिसोवला जायची गरज नाही.

आता आपल्या क्रीडा पानाबद्दल. इंग्लंडच्या लीगला फोटोसकट चार कॉलम असतात, जरूर द्या, मीही वाचतो. पण गोव्याच्या लीगचे सामने खाली चार ओळींत, तेही निकाल लागल्यावर. सामना होता हे मला दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर कळतं. आदल्या दिवशी नुसती वेळ आणि मैदान छापा, म्हापशाचं धुळेर असो, वास्कोचं टिळक मैदान असो. साडेतीनचा सामना असेल तर मी दुपारीच गॅरेजचं शटर ओढीन आणि शेजारच्या टायरवाल्यालाही घेऊन जाईन. तो क्रिकेटवाला आहे, पण येईल.

आपला,
एक ऑटो-इलेक्ट्रिशियन वाचक,
डिचोली, गोवा