स्नोबोर्डला धार लावून देणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीतल्या त्या शनिवारी व्हरमाँटमधल्या स्ट्रॅटन डोंगराच्या पायथ्याशी, गाड्या लावतात त्या जागी मी आईशी फोनवर बोलत होतो. ते मराठी शब्द कानी पडले म्हणून तुम्ही थांबलात, माझ्या स्नोबोर्डच्या, म्हणजे दोन्ही पाय बांधून हिमावरून घसरत जाण्याच्या फळीच्या, पोलादी कडेवरून अंगठ्याचे नख आडवे फिरवलेत आणि म्हणालात, "धार असती तर नखाचा पापुद्रा निघाला असता." त्या एका वाक्यापासून माझा हा मोसम बदलला. बॉस्टन परिसरात माझ्यासारखे नवखे मराठी स्नोबोर्डर पुष्कळ आहेत आणि तुम्ही सांगितलेले त्यांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे आभार खाजगीत न मानता जाहीरपणे मानत आहे.

त्या आठवड्यात गुरुवारी पाऊस झाला होता आणि त्यानंतर पारा उणे 14 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. आपण मराठीत भुसभुशीत पडतो त्यालाही बर्फच म्हणतो आणि फरशीसारखा गोठतो त्यालाही बर्फच. उतारावर मात्र या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मला त्या सकाळी अंगावर कळले. टाचेच्या बाजूने वळताना बोर्ड थरथरला, सुटला आणि मी पाठीवर घसरत बराच खाली गेलो. ज्या दुकानातून बोर्ड घेतला तिथे मला आधीच सांगण्यात आले होते की माझ्यासारखा ऑल-माउंटन बोर्ड (डोंगरावरच्या सगळ्या प्रकारच्या उतारांसाठी म्हणून विकतात तो) मऊ हिमासाठीच असतो, कडक बर्फासाठी दुसरा, अधिक ताठ बोर्ड घ्यावाच लागेल. तुम्ही भेटला नसता तर मी तो बोर्ड विकून मोकळा झालो असतो.

तुम्ही आधी बोर्ड गाडीच्या मागच्या सपाट फळीवर ठेवून मधली कमान दाखवलीत. माझ्या बोर्डला पायांखाली कॅम्बर, म्हणजे वर उचललेली कमान, आहे आणि दोन्ही टोकांकडे थोडा रॉकर, म्हणजे टोके वर वळलेली. कॅम्बरमुळे वजन टाकल्यावर कडेचा लांब भाग हिमावर दाबला जातो. टोके उचललेली असल्यामुळे ताज्या हिमात बोर्ड तरंगतो, पण कडक बर्फावर तेवढी कड पकडीला कमी पडते. ऑल-माउंटन म्हणजे ही तडजोड आहे, दोष नव्हे, हे तुम्ही स्वच्छ शब्दांत सांगितलेत. खरा दोष दुसरीकडे होता. टोकांची धार मुद्दाम बोथट करतात, कारण तिथे ती हिमात अडकते. पण दुकानातल्या कारागिराने बोथट करताना हात इतका आत आणला होता की वळण जिथून सुरू व्हायचे तिथेच धार उरली नव्हती.

मग तुम्ही कानस काढलीत. आयुष्यभर कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारे आणि साचे घडवतात तिथे, काम केलेल्या माणसाचा हात कसा असतो, ते मी त्या अर्ध्या तासात पाहिले. कडेला काळ्या मार्करने शाई फासली, कानशीला कोन धरून ठेवणारा साचा लावला आणि एकाच दिशेने, न दाबता, लांब फेरे घेतले. शाई सगळीकडून सारखी गेली तेव्हाच तुम्ही थांबलात. कुठे काळी रेघ उरली असती तर कानस तिथे टेकलीच नाही, असा तिचा अर्थ होता. तळाकडून 1 अंश आणि बाजूने 2 अंश, म्हणजे कडेचा कोन 89 अंश. शेवटी हिऱ्याच्या बारीक कानशीने बर, म्हणजे कडेला उरलेला धातूचा खरखरीत कंगोरा, काढली आणि कापसाचा बोळा फिरवून पाहिला. एकही तंतू अडकला नाही. विळीला धार लावून झाल्यावर माझी आजीही तिच्याकडे अशीच क्षणभर निरखून पाहत असे.

उभे राहण्याची चूकही तुम्हीच दाखवलीत. टाचेच्या वळणात मी खुर्चीवर बसल्यासारखा मागे टेकत होतो, त्यामुळे वजन कडेवर न राहता बाहेर जात होते. गुडघे वाकवा, कंबर बोर्डच्या वर ठेवा, खांदे वळणाच्या दिशेने फिरवा आणि दाब वळणाच्या आरंभीच हळूहळू द्या, शेवटी एकदम नको, असे तुम्ही सांगितलेत. शेवटी दिलेला दाब बर्फावर धक्का ठरतो आणि कड सुटते, हे मी त्यानंतर कितीतरी वेळा पडताळून पाहिले आहे.

आता मार्च संपत आला आहे, तेव्हा बोर्डविषयीचा माझा अनुभवही तुम्हाला कळवायला हवा. ग्रूमरने, म्हणजे हिम सारखे करणाऱ्या यंत्राने, रात्री विंचरून ठेवलेल्या उतारावर, कॉर्डुरॉय कापडासारख्या त्या रेघांवर सकाळी साडेआठला तो अप्रतिम चालतो: कड टेकली की साइडकटच्या, म्हणजे बाजूंना आत वळलेल्या कडेच्या, वक्राने आपोआप वळतो आणि मागे पेन्सिलीने काढल्यासारखी एकच बारीक रेघ राहते. दुपारपर्यंत वरचा थर खरवडला जाऊन खालचा, यंत्रांनी केलेल्या हिमाचा घट्ट थर उघडा पडतो. तिथे पकड राहते, पण कमी वेगात, मोठ्या वळणांत आणि कड फार न कलवता. निळसर, काचेसारख्या पट्ट्यावर मात्र तो पूर्ण धरत नाही. तिथे बोर्ड सपाट ठेवून शांतपणे पार व्हावे आणि पुढच्या पांढऱ्या भागात वळावे, हा तुमचा सल्ला मी तंतोतंत पाळतो. त्यासाठी नवा बोर्ड घ्यावा असे मला आता वाटत नाही.

चेअरलिफ्टमध्ये तुम्ही सांगितले होते की बर्टन या स्नोबोर्ड कंपनीचे संस्थापक जेक बर्टन कारपेंटर यांनी 1977 साली इथून जवळच लंडनडेरीत बोर्ड बनवायला सुरुवात केली, आणि बहुतेक रिसॉर्टे स्नोबोर्डला दारात उभे करत नव्हती तेव्हा, 1983 साली, याच स्ट्रॅटनने त्याला आत घेतले. तेव्हापासून त्या लिफ्टमधून वर जाताना मला तो डोंगर परका वाटलेला नाही. तो आपलेपणा मला तुमच्यामुळे मिळाला, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

हिऱ्याची ती बारीक कानस तुम्ही "राहू दे तुझ्याकडे" म्हणून दिलीत, ती मी कोरडी पुसून कापडात गुंडाळून ठेवली आहे. डिसेंबरमध्ये पहिल्या शनिवारी तिच्यासह येतो. या वेळी तुमच्या बोर्डला धार लावण्याची परवानगी मला द्यावी, एवढीच विनंती.

आपला कृतज्ञ,
बॉस्टनहून येणारा तुमचा विद्यार्थी