अक्कांना, टॉवेलाच्या निमित्तानं

अक्का,

आमच्यात पत्राची सुरुवात सलामानं होते. तुम्हाला मात्र नमस्कार करतो. अकरा वर्षं सकाळी टॉवेलाच्या कारखान्याच्या गेटवर तुम्ही हात जोडत होतात आणि मी हजेरीच्या घाईत नुसती मान हलवून आत पळत होतो. ते सगळे राहिलेले नमस्कार यातच धरा.

पत्र तुमची नात वाचून दाखवणार हे ठाऊक आहे. तिला सांगा, सावकाश वाच, आणि आजीनं मध्येच "पुढं वाच की" म्हटलं तरी गाळू नकोस. तुम्ही भिवंडीला मुलाकडं गेलात त्याला आता पाच महिने झाले. जाताना तुम्हाला नीट काही बोललो नाही. कांडी खात्यातल्या, मागासाठी धाग्याच्या कांड्या भरणाऱ्या तुमच्या सोबतच्या बायका रडत होत्या आणि मी तुमच्या हिशोबाच्या कागदावर तुमचा अंगठा घेत होतो. दिवाणजीचं काम असलं असतं.

आज सगळ्यांसमोर लिहितोय त्याला कारण आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत हल्ली लोक म्हणतात, मास्तर, म्हणजे मी, बायबलचं वचन सांगतो ते आता समजतं. पाळकसाहेबही म्हणाले. कुणी विचारलं, कुठला कोर्स केला का? मी हसून वेळ मारून नेली, आणि ते मनाला लागून राहिलं. कोर्स तुम्ही घेतलात. आणि तुम्ही तर आमच्या मंडळीतल्याही नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला की सोलापूरच्या पूर्व भागात तुमचा पहिला नमस्कार त्याला. तिथं तुम्ही चुकला नाहीत आणि कधी मला चुकवलंही नाहीत.

पहिली खेप आठवते? लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत घरोघरी प्रार्थना असतात, त्या वर्षी आमच्या खोलीवर होती. माणसं जास्त आली म्हणून तुमच्याकडनं चटया आणल्या. तुम्ही मागोमाग आलात आणि दाराशी बसलात. (चटया परत मिळतील की नाही या काळजीनं आलते, हे तुम्हीच नंतर सांगितलंत.) वचन सांगायची पाळी माझी होती. योहानाचा तेरावा अध्याय. शेवटच्या जेवणाच्या रात्री येशू उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला टॉवेल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र आधी म्हणतो, माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, आणि मग एकदम म्हणतो, पायच काय, हात आणि डोकंही धू.

एवढं सोपं. पण मी त्याला जोड दिली ती पुस्तकातली. समुद्रातला दीपस्तंभ, बर्फाच्या वादळात सापडलेला वाटसरू, मेंढपाळाचा हुशार कुत्रा. आपल्या सोलापुरातून समुद्र बघायचा तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्रभर बसावं लागतं. बर्फ आपल्याला रसवंतीवाल्याकडचा माहीत. तरी सगळे "आमेन" म्हणाले, मलाही बरं वाटलं.

चटया गुंडाळताना तुम्ही विचारलंत, "मास्तर, ते बर्फ पडतंय ते गाव कुठलं?"

म्हटलं, विलायतेकडलं.

"तुम्ही गेलावता काय?"

"नाही."

"मग तिथं माणूस काय करतंय तुम्हाला काय कळलं?" आणि चटई काखेत मारून दारातून वळलात. "आणि ते टॉवेल कसलं होतं? लूपवालं की साधं? साध्या कापडानं पाय नीट कोरडं होत नाही."

अक्का, मी रविवारच्या शाळेत पंधरा वर्षं शिकवतोय. तो अध्याय शंभरदा तरी वाचला असेल. टॉवेल कसला होता हा प्रश्न मला पडला नव्हता. आणि मी टॉवेलाच्या कारखान्यात पगाराचं रजिस्टर भरतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही मला मागापाशी उभं केलंत. रोज त्या मागांच्या मधून जात होतो, पण खडखडाटापलीकडं काही पाहिलं नव्हतं. तुम्ही बोटानं दाखवलंत: टर्की टॉवेलाला बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचे रूळ, दोन. खालच्या बीमचा ताणा ताठ, वरच्याचा ढिला. आडवे धागे, म्हणजे बाणे, ठोकणारी फणी दोन बाण्यांना अर्ध्यावरच थांबते आणि तिसऱ्याला पुरा ठोका देते. तीन बाणे एकदम पुढं सरकतात, ताठ धागा जागचा हलत नाही, ढिला धागा दुमडून उभा राहतो. तो लूप. माग चालू होता म्हणून तुम्ही माझ्या कानाशी ओरडून सांगितलंत, "ताठ धागा टॉवेल धरतंय, ढिला धागा पाणी पितंय. सगळं ताठ केलं तर पंचा होतंय!"

मी स्वभावानं खालच्या बीमचा. हिशोब, वेळ, शिस्त. बायको म्हणते, घरातही रजिस्टर घेऊनच बसता. त्या रात्री मला मार्था आणि मरिया आठवल्या. लूकच्या दहाव्या अध्यायातल्या त्या दोघी बहिणी. एक स्वयंपाकघरात धावपळ करणारी, दुसरी येशूच्या पायाशी नुसती ऐकत बसलेली. त्यावर मी आजवर जे ऐकलं त्यात मार्थेला नेहमी बोल लागतात. मला वाटलं, या बोलणाऱ्यांनी टॉवेल विणलेला नाही. येशू तिला हळूच सांगतो की तू फार गोष्टींची काळजी करतेस. घरातून जा म्हणत नाही. पुढच्या रविवारी हेच सांगितलं, मागासकट. मागच्या बाकावर आपल्याच कारखान्यातले दोघं बसतात, एरवी डुलक्या घेतात. त्या दिवशी एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं.

टॉवेलाचं उत्तरही शोधलं. तुम्हाला तेव्हा घाईत सांगितलं होतं, आता नीट सांगतो. योहानानं ग्रीकमध्ये जो शब्द वापरलाय तो लेन्तिओन. तो लॅटिनमधून आलेला, आणि त्याचा अर्थ जवसाच्या धाग्याचं कापड. आपण भाकरीवर ज्याची चटणी घेतो तेच जवस. त्याच्या ताटाच्या सालीतून धागा निघतो. म्हणजे लूप नव्हतेच, तुमचा संशय बरोबर. साध्या कापडानं बारा जणांचे पाय पुसायचे तर वेळ लागला असणार आणि कापड पार ओलं झालं असणार. तोच ओला टॉवेल कमरेला बांधून तो पुढच्या शिष्यापाशी गेला असेल. हे चित्र मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही.

मग मला नादच लागला. तुम्हाला गोष्ट सांगायची आणि तुमचा प्रश्न ऐकायचा. शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली, भर दुपारी विहिरीवर आलेली, येशूनं तिच्याकडं प्यायला पाणी मागितलं ती. तुम्ही लगेच म्हणालात, "दुपारी एकटी का आली? पाण्याला बाया सकाळी जातात, घोळक्यानं. हिच्याशी कुणी बोलत नसणार." बायबलचे भाष्यकार हेच दोन पानं लावून सांगतात. तुम्ही घागर रांगेत ठेवून मोठ्या झालात. आणि सोलापुरात काही दिवसांआड नळ येतो तेव्हा कुणाची घागर कुणाच्या मागं लागते यावर गल्लीतली सगळी नाती वाचता येतात.

येशूच्या गोष्टींत बर्फ नाही, दीपस्तंभ नाही. पीठ मळणारी बाई आहे. हरवलेलं नाणं शोधायला दिवा लावून घर झाडणारी बाई आहे. संध्याकाळपर्यंत काम न मिळाल्यानं बाजारात उभे राहिलेले मजूर आहेत. समोर जे होतं तेच त्यानं उचललं. आमच्या जुन्या लोकांना हे कळत होतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची भजनं अभंग-ओव्यांत लिहिली, विलायती चालींवर विसंबले नाहीत. मधे कुठंतरी आम्हीच दीपस्तंभाकडं वळलो.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं तिकडं येतो. त्याआधीचं सगळं सांगायला सोपं होतं.

घडी खात्यातल्या आपल्या त्या माणसाची मुलगी गेली. एकोणीस वर्षांची, साध्या तापाचं निमित्त. घर आमच्याच मंडळीतलं. तोवर मला तुमच्यामुळं जिथं तिथं दृष्टान्त दिसायला लागले होते. चहा उतू गेला तरी त्यात काहीतरी वचन. अशा माणसाचा जाच होतो, हे बायकोनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्या घरात गेलो आणि पाच मिनिटांत बोलायला लागलो. विणकराचाच दृष्टान्त, म्हटलं, आपल्या लोकांना कळेल: आपल्याला कापडाची उलटी बाजू दिसते, नुसत्या गाठी आणि लोंबते धागे, देव वरनं बघतो, त्याला सुंदर नक्षी दिसते.

तुम्ही त्या आईशेजारी भिंतीला टेकून बसला होतात. म्हणालात, "गप बस रे."

अकरा वर्षांत मला तुम्ही पहिल्यांदा अरे-तुरे केलंत.

नंतर बाहेर नळापाशी मी उभा होतो, कान तापलेले. तुम्ही आलात, चूळ भरलीत, आणि म्हणालात, "मास्तर, आपल्या चादरीला उलटी बाजू असतीय का?"

मी काही बोललो नाही. सोलापुरात जन्मलो, अंगावर तीच चादर घेऊन वाढलो. दोन्ही अंगांनी नक्षी. एका बाजूला फूल लाल आणि जमीन पांढरी, तर दुसऱ्या बाजूला फूल पांढरं आणि जमीन लाल. तो दृष्टान्त ज्या कुणी पहिल्यांदा सांगितला त्याच्या गावात तसलं कापड असेल. आपल्या गावात नाही. मी पुन्हा दुसऱ्याचंच सांगत होतो, फक्त या खेपेला त्याला आपला धागा लावला होता.

"तिला काय दिसायचं ते दिसलंय," तुम्ही म्हणालात. "नक्षी दाखवू नका. जवळ बसा."

तुम्ही तीन दिवस कामावर आला नाहीत. कांडी भरणारीला जेवढं काम तेवढीच मजुरी, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तुमच्या नावापुढं तीन रेघा मीच मारल्या. त्या तीन दिवसांत तुम्ही त्या घरात भाकऱ्या थापल्यात, भांडी घासलीत, आणि तिची आई सांगते की तुम्ही फार बोलला नाहीत.

बायबलमधली ईयोबाची गोष्ट मला पाठ होती. मुलंबाळं, गुरंढोरं सगळं जातं, अंगभर फोड येतात. तीन मित्र भेटायला येतात आणि त्याचं दुःख बघून सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसतात, एक शब्द न बोलता. मग बोलायला लागतात आणि तिथून पुढं सगळं बिघडतं. शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. इतकी वर्षं मी त्या मित्रांच्या भाषणांवर बोलत आलो. ते सात दिवस मी दोन ओळींत उरकायचो.

त्याच पुस्तकात सातव्या अध्यायात ईयोब म्हणतो की माझे दिवस मागावरच्या धोट्यापेक्षा वेगानं गेले. आणि यशयाच्या पुस्तकात आजारी पडलेला हिज्कीया राजा म्हणतो, कोष्ट्यानं कापड गुंडाळावं तसं माझं आयुष्य गुंडाळलं, मला मागावरून कापून काढलं. महिनाभरानं हे तुम्हाला सांगितलं. आनंदानं सांगितलं खरं, शास्त्रात तुमचा माग सापडला म्हणून. हिज्कीयाला पुढं पंधरा वर्षं वाढवून मिळाली हेही सांगितलं. तुम्ही कांडीवरचा हात थांबवलात आणि म्हणालात, "कापड पुरं झाल्यावर कापतंय की. अर्ध्यावर कोण कापतंय?"

दोघांनाही तीच मुलगी आठवली. मी उत्तर दिलं नाही. नव्हतंच. पूर्वीचा मी असतो तर बनवून दिलं असतं.

आता त्या घरी दर शुक्रवारी संध्याकाळी जातो. प्रार्थना त्यांनी म्हटली तर करतो, नाहीतर मुलीच्या बापाबरोबर टीव्हीवर क्रिकेट बघतो. त्याची बायको शेंगाचटणी कुटते. मागच्या आठवड्यात तिनं पहिल्यांदा मुलीचा फोटो काढून दाखवला, शाळेच्या गॅदरिंगचा, लेझीम घेतलेला. मी म्हटलं, छान आहे. तेवढंच म्हटलं अक्का, शपथ.

यंदा पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी केला. पाळकसाहेबांनी टॉवेल मागितला तेव्हा मी कारखान्यातनं नेला. पहिल्याच म्हाताऱ्याचे पाय पुसताना तो कुजबुजला, "कंपनीचा का? चांगला पितोय." पाळकसाहेबांना हसू आवरेना.

त्याच थानातला एक टॉवेल तुमच्या पुतण्याबरोबर पाठवतोय. गाडीत विसरू नको म्हणून तीनदा सांगितलंय. सोबत जवसाची चटणी आहे, भिवंडीत मिळते तसली नाही. टॉवेल सेकंडमधला आहे, पैसे भरून घेतलाय, रजिस्टरला नोंद आहे. डाव्या काठाला दोन लूप सुटलेत. मला आधी दिसले नव्हते, तुम्हाला बघताक्षणी दिसतील.

तुमचा,
दिवाणजी मास्तर