जुन्या गोव्याच्या वैभवात लिलावाचा रस्ताही येतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या गोव्यावरचा लेख वाचला. चर्चेस, वेदी, सोन्याचा मुलामा, सगळं हौसेनं लिहिलंय. पण त्या शहरातल्या घरांतलं पाणी कोण भरत होतं आणि पालख्या कुणाच्या खांद्यावर होत्या, याबद्दल अवाक्षर नाही.

व्हाइसरॉय कमानीतून वर जाणारा रस्ता म्हणजे पोर्तुगीज काळातला रुआ दिरैता, शहराचा मुख्य रस्ता. रविवार आणि सणवार सोडून रोज सकाळी तिथे लिलाव होई. घोडे, कापडचोपड, आणि त्यांच्याच रांगेत माणसं. १५८३ साली आलेला, आर्चबिशपच्या पदरचा डच कारकून लिन्शोटेन हे सगळं नोंदवून गेला आहे. गुलाम बंगालचे, चीनचेही असत; आफ्रिकन मात्र बहुतेक मोझांबिकहून आणलेले. बायकांच्या वाट्याला जे येई ते आणखी वेगळं. त्यांच्याकडून मुरंबे, भरतकाम करून घ्यायचं आणि त्यातल्या तरुण, देखण्या मुलींना नटवून ते विकायला रस्त्यावर धाडायचं, म्हणजे गिऱ्हाईक जास्त. आलेल्या पैशावर मालकाचं घर चालायचं. १६०८ च्या सुमारास आलेल्या फ्रेंच प्रवासी पिरारनेही असंच लिहिलंय, आणि कुमारिकेला भाव अधिक, हेही. गुलाम बाईचं मूल जन्मतःच गुलाम, मग बाप कुणी का असेना. बाप पुष्कळदा घरचा मालकच असे.

त्याच घरातली पोर्तुगीज बाई तरी मोकळी होती का? लिस्बनहून राजाच्या खर्चानं अनाथ मुली इथे लग्नासाठी पाठवत. हुंडा म्हणून नवरदेवाला सरकारी नोकरी मिळे. १६०३ च्या पोर्तुगीज कायद्यात व्यभिचारी बायकोला जागीच ठार मारायची नवऱ्याला मुभा होती. तिच्या यारालाही मारता येई, फक्त तो नवऱ्याहून वरच्या दर्जाचा असला तर नाही! नवरा दर्यावर गेला की बायकोला कोंडायला शहरात आश्रमगृहं होती. पण म्हणून दोघींचं दुःख एका तराजूत घालणं मला पटत नाही. कोंडलेल्या बाईच्या हाताखाली राबणारी गुलाम बाई असेच. १६०६ साली स्थापन झालेल्या सांता मोनिका मठात, जिथे आता ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, जोगिणींच्या सेवेलाही गुलाम बायका होत्या.

आपल्याकडे हबशी म्हटलं की मलिक अंबर, नाहीतर जंजिऱ्याचा सिद्दी. अंबरही लहानपणी विकला गेलेलाच. पण पिरार गोव्यात असताना निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती होता, म्हणून त्याचं नाव राहिलं. रुआ दिरैतावर मुरंबे विकणाऱ्या मुलींपैकी कुणाचं राहिलं?

पोर्तुगालने गुलामांच्या व्यापारावर १८३६ मध्ये बंदी घातली. गुलामगिरी कागदोपत्री रद्द व्हायला १८६९ उजाडलं आणि तरीही सुटलेल्यांना काही वर्षं जुन्या मालकाचीच चाकरी होती. मधल्या काळात जे घाट चढून पळाले, त्यांच्यातल्या अनेकांचे वंशज आज कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळच्या रानात सिद्दी म्हणून राहतात. कोकणी बोलतात.

पुरवणीत ही मालिका पुढे चालणार असेल, तर पुढचा एक लेख या रस्त्यावर द्यावा. आणि तो लिहिणाऱ्याने जुन्या गोव्यासोबत यल्लापूरलाही जाऊन यावं. इथून एका दिवसाचा प्रवास आहे.

एक वाचक, कुडाळ